शंभराचे ढीग

शनिवारच्या टपालाने दोन जाड लखोटे आले, एक मुंबईहून, एक पुण्याहून. हनुमंतरावांनी ते लगेच फोडले नाहीत. टेबलावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली, दोन्ही लखोटे शेजारी शेजारी ठेवले आणि आतल्या खोलीकडे हाक मारली, "शालूबाई, या. तुमच्याशिवाय फोडायचे नाहीत."

शालूबाई पदराला हात पुसत आल्या. श्रावणातला शनिवार, त्यांचा उपास होता. सात वर्षं त्या या दिवसाची वाट बघत होत्या.

लोणावळ्यात तुंगार्लीच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन खोल्यांचं हे पर्जन्य नोंद केंद्र. तिकडे भुशीच्या माळावर एक पाऊसघड्याळ बसवलेलं होतं. पाऊस पडला की त्याच्या पिंपात पाणी चढायचं, पाण्याबरोबर शाईची सुई चढायची आणि फिरत्या कागदावर रेघ उमटायची. तो कागद रोज सकाळी बदलायचं काम ठाकरवाडीतले कान्हूभाऊ सतरा वर्षं करत होते. ती रेघ वाचून दर पंधरा मिनिटांना किती पाऊस पडला ते शालूबाई काढत, आणि हाताने चालवायच्या पंचाने कार्डाला भोकं पाडत. सन सत्तावन्न ते त्र्याहत्तर. पावसाच्या एक लाख दोन हजार नोंदी, पाच हजार तीनशे सहा कार्डं. आणि तीसुद्धा एकदा नव्हे, दोनदा. एक संच मुंबईच्या कॉम्प्युटरला, एक पुण्याच्या. एकाचा ताळा दुसऱ्याने पडावा म्हणून.

हनुमंतराव या केंद्राचे प्रमुख. यंत्राने बेरीज कशी करायची ते सांगणारा प्रोग्रामही त्यांनीच लिहिला होता, पुस्तकावरून शिकून, पन्नाशीला टेकल्यावर. त्यांनी आधी मुंबईचा लखोटा फोडला.

"मुंबई," ते म्हणाले, "त्र्याहत्तर हजार एकशे चार पूर्णांक सहा मिलिमीटर. बघा, सतरा वर्षांचा पाऊस. एका ओळीत."

शालूबाईंनी नकळत हात जोडले.

"आता पुणं." हनुमंतरावांनी कागद उलगडला. मग पुन्हा घडी केली, पुन्हा उलगडला. "बहात्तर हजार सातशे सोळा पूर्णांक दोन."

तीनशे अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर. सव्वा फुटाहून जास्त पाऊस मुंबईत पडला होता आणि पुण्यात पडला नव्हता, आणि पाऊस तर एकच, भुशीचा.

"प्रोग्राम एकच," हनुमंतराव बोटं दुमडत म्हणाले. "यंत्रं दोन, पण यंत्र चुकत नसतं. राहिलं काय?"

"कार्डं," शालूबाई हळूच म्हणाल्या.

"मी तुम्हाला दोष देत नाही हो."

"देताय, साहेब. पण द्या. कोणीही दिला असता."

दोन्ही कागदांवर दर वर्षाअखेरची चढती बेरीज छापलेली होती. शालूबाईंनी दोन्हींवर एकेक बोट ठेवलं आणि ओळीने खाली नेत गेल्या. पहिल्या वर्षी फरक एक मिलिमीटरसुद्धा नव्हता. मग दर वर्षी नऊएक मिलिमीटर असा वाढत पंधराव्या वर्षापर्यंत एकशे अठ्ठावीस झाला. आणि शेवटच्या दोनच वर्षांत उरलेले दोनशे साठ.

"हं," हनुमंतराव त्यांच्या खांद्यावरून बघत म्हणाले. "म्हणजे सुरुवातीला तुमचं लक्ष होतं. शेवटी शेवटी दमलात."

हे मात्र शालूबाईंना लागलं.

पुढच्या शनिवारी मुख्य कार्यालयाचे साहेब येणार होते. दोन बेरजा जुळल्या तर नोंद ग्राह्य. नाही जुळल्या तर सतरा वर्षांची नोंद अविश्वसनीय म्हणून बाद आणि केंद्राला कुलूप. तसं पत्रच आलेलं होतं.

इतक्यात दारात कान्हूभाऊ उभे राहिले. पाठीवरचं इरलं काढून त्यांनी भिंतीला टेकवलं, मेणकापडातून आजचा कागद काढला आणि दोघांची तोंडं बघून विचारलं, "कुनी गेलं का?"

हनुमंतरावांनी थोडक्यात सांगितलं.

"म्हंजी मुंबईवाला म्हनतो जास्ती पडला, आन् पुन्याचा म्हनतो कमी?" कान्हूभाऊंनी पागोट्याखालून डोकं खाजवलं. "त्यातलं कोन आलतं भिजाया?"

"कान्हूभाऊ, थट्टा नको."

"थट्टा न्हाई साहेब. सतरा वर्सांत मी एक दिस कागूद चुकीवला न्हाई. पोरीच्या लग्नाच्या दिवशी हळदीच्या हातानं बदलला, हाये का न्हाई बाई, पिवळं बोट उमटलंय त्यावर?"

"आहे," शालूबाई म्हणाल्या. "एकसष्टच्या मे महिन्यातला."

"मंग? त्यो बी खोटा ठरनार का?"

शालूबाईंनी आजचा कागद त्यांच्याकडून घेतला आणि त्यावर तारीख घातली.

*

मुंबई-पुण्याचे दोन्ही कार्डसंच निकालांपाठोपाठ रेल्वे पार्सलने परत आले होते. सोमवारी सकाळी शालूबाईंनी खिडकीपाशी टेबल ओढलं. मुंबईचं कार्ड आणि पुण्याचं कार्ड एकावर एक ठेवायचं, उजेडापुढे धरायचं. भोकं सारखी असतील तर प्रत्येक भोकातून उजेड येतो. एकात असेल आणि दुसऱ्यात नसेल तर तिथे अंधार. एकदा समोरून बघायचं, एकदा उलटून. मनात नामस्मरण, हातात कार्डं. बाहेर धुकं इतकं की खिडकीतला उजेडही ताकासारखा पातळ, म्हणून शेजारी दिवा लावून ठेवला. सोमवार गेला, मंगळवार गेला. मंगळागौरीचं बोलावणं होतं, तिथे त्या फक्त हळदीकुंकवापुरत्या जाऊन आल्या.

बुधवारी सकाळी, एकोणसत्तरच्या जुलैतल्या एका जोडीत, दोन भोकं अंधारी दिसली. मुंबईच्या कार्डावर दोन पूर्णांक एक, पुण्याच्या कार्डावर एक पूर्णांक दोन. मूळ कागद काढून पाहिला. मुंबईचं बरोबर होतं.

नऊ दशांश मिलिमीटर. हवे होते तीनशे अठ्ठ्याऐंशी.

पाच हजार तीनशे सहा जोड्यांमध्ये ती एकच. संध्याकाळी शालूबाईंनी ते कार्ड हनुमंतरावांपुढे ठेवलं. लपवलं असतं तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण रोज देवापुढे बसायचं असतं.

"एवढी एकच चूक आहे, साहेब. ती माझी. बाकी सगळी कार्डं सारखी आहेत."

हनुमंतरावांनी चष्मा काढला. "एक सापडली म्हणजे आणखी असणार असंच म्हणतील हो ते. मी काय सांगू त्यांना?"

"कार्डं खरी आहेत असं सांगा."

"मग खोटं कोण? पुण्याचं यंत्र? कशाच्या जोरावर म्हणू? नुसतं म्हणून चालत नाही, शालूबाई. का चुकलं ते दाखवावं लागतं."

*

गुरुवारी दुपारी जेवायच्या सुट्टीत शालूबाई घरी आल्या. घर कार्यालयापासून दहा मिनिटांवर. मालक रेल्वेत, मालगाडीवर गार्ड, आठवड्यातले चार दिवस बाहेरच. घरी सासूबाई धोंडाबाई, ज्यांना शालूबाई आत्याबाई म्हणत.

ओसरीवर भांडण जुंपलं होतं.

धोंडाबाई आणि शेजारच्या बयाबाई या दोघींनी मिळून श्रावणात लाख अक्षतांचा नेम धरला होता. आंबेमोहराचे अखंड दाणे निवडायचे, एकेक दाणा नाव घेऊन मोजायचा, डब्यात ठेवायचा, आणि लाख भरले की ते महादेवाच्या पिंडीवर वाहायचे. तांदूळ दोघींचा एकाच खाचरातला. पितळी डबेसुद्धा बाजारातून जोडीने घेतलेले, एकाच घडणीचे. आज दोघीही ऐंशी हजारांवर आल्या होत्या. आणि धोंडाबाईंचा डबा कडेखाली चार बोटं होता, तर बयाबाईंचा तुडुंब.

"तुजं ऐंशी हजार माज्या ऐंशी हजारापेक्षा उंच कसं गं?" धोंडाबाई विचारत होत्या. "तुज्या दान्याला काय खत घातलंय?"

"माजं बराबर हाये. तूच कमी मोजलं आसशील. तुला शंभराच्या फुडं मोजाया येतंय का?"

"न्हाई येत. मी कवा म्हनलं येतंय?"

"मंग लाख कशी मोजतीस बये? मी चौथी शिकलेली हाये. सरळ मोजत्ये, एकापासनं."

दोघींनी एकदमच शालूबाईंकडे पाहिलं. "तू सांग गं शालू," धोंडाबाई म्हणाल्या. "तुजा तर धंदाच मोजायचा."

शालूबाईंना हसू येईना. तिकडे दोन यंत्रं, इकडे दोन म्हाताऱ्या. त्या पायरीवरच टेकल्या. "बयामावशी, मोजून दाखवा बघू."

बयाबाई मांडी ठोकून बसल्या. ताटातला एक दाणा उचलला. "अठ्ठ्याहत्तर हजार पाचशे एकसष्ट, शिवाय नमः." डब्यात टाकला. "अठ्ठ्याहत्तर हजार पाचशे बासष्ट, शिवाय नमः. अठ्ठ्याहत्तर हजार पाचशे…"

"आज ऐंशी म्हणाला होतात ना?"

"ह्ये बोलन्यापुरतं मागचं घेतलं. गप ऱ्हा, चुकवू नगंस." तेवढ्यात कोंबडी ओसरीवर चढली आणि ताटाकडे मान वळवली. "हाड, हाड मेले. काय म्हनत होते मी? अठ्ठ्याहत्तर हजार पाचशे… शिवाय नमः. अठ्ठ्याहत्तर हजार पाचशे एक."

धोंडाबाई पदर तोंडावर धरून हसायला लागल्या.

"बयामावशी," शालूबाई म्हणाल्या, "बासष्ट झाले होते."

"आसंल. येवढा लांब आकडा, वर देवाचं नाव. जिभंवर मावंना तर काय करू? मागचं शेपूट पडतं कवामवा. त्यानं काय हुतं, दोन-चार दान्यानं?"

"सुरुवातीला पडत होतं का शेपूट?"

"छ्या. पयल्या हजारात एक चुकला न्हाई. बारा, तेरा, चौदा, कसं झपाझप. ह्ये आत्ता आत्ता, आकडा मोठा झाल्यापासनं."

शालूबाईंना दोन्ही कागदांवरच्या चढत्या बेरजा आठवल्या. पहिल्या वर्षी फरक नाही. मग थोडा थोडा. शेवटच्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त. दमलेली माणसं नव्हेत, मोठा झालेला आकडा.

"आत्याबाई," त्या धोंडाबाईंकडे वळल्या, "तुम्ही कशा मोजता?"

"मी? मला शंभराच्या फुडं येतच न्हाई, तर मी शंभराच्या फुडं जातच न्हाई." धोंडाबाईंनी ताट पुढे सरकवलं. ताटात तांदळाचे इवले इवले ढीग होते, एकसारखे, ओळीने. "ह्यो शंभराचा ढीग. आसं धा ढीग झालं की एक पुरचुंडी. धा पुरचुंड्या झाल्या की डब्यात वतायच्या आन् भिंतीवर कुकवाचं एक बोट. धा बोटं झाली की लाख. मोठ्या ढिगात सुटा दाना कवा टाकायचा न्हाई. मोठ्यात गेल्यालं बारकं कुनाला दिसत न्हाई."

शालूबाईंनी भिंतीकडे पाहिलं. कुंकवाची आठ बोटं.

"म्हणजे बयामावशींचे ऐंशी नाहीत, जास्त आहेत. दाणे डब्यात पडले, पण आकड्यात आले नाहीत."

"आगं बया," बयाबाई डब्यात डोकावत म्हणाल्या. "म्हंजी माजा लाख कवाच झाला आसंल?"

"झाला तर झाला. देवाला जास्ती गेलं तर त्यो काय परत देनाराय?" धोंडाबाई म्हणाल्या. "शालू, कुटं निघालीस? भाकरी वाढत्ये न्हवं."

पण शालूबाई अंगणाच्या बाहेर पोचल्या होत्या. छत्री ओसरीवरच राहिली.

*

"साहेब, यंत्राच्या तोंडात किती आकडे मावतात?"

हनुमंतराव डबा खात होते. शालूबाईंच्या केसांतून पाणी ठिबकत होतं, आणि सात वर्षांत त्यांनी कधी इतक्या मोठ्याने प्रश्न विचारलेला नव्हता.

"तोंडात?"

"एका वेळी किती लांबीचा आकडा ते लक्षात ठेवतं? पुण्याचं किती, मुंबईचं किती? आकडा त्याहून लांब झाला की शेपटाचं काय करतं?"

हनुमंतरावांचा घास तसाच राहिला. त्यांनी हात धुतला आणि कपाटातून यंत्रांची दोन्ही माहितीपुस्तकं काढली. पानं उलटता उलटता ते वाचायचे थांबले, मग पुन्हा मागे गेले.

"पुण्याच्या यंत्रात आकड्याला सहा घरं. आपली दहाची नव्हेत, सोळाची, म्हणजे एका घरात शून्य ते पंधरा. पॉइंट सरकता आहे. आकडा वाढला की डावीकडची घरं भरत जातात आणि पॉइंटच्या उजवीकडे कमी उरतात." त्यांनी पेन्सिल उचलली. "जे बसत नाही ते कापतात. जवळचा वरचा अंकही धरत नाहीत हो, सरळ कापतात."

"आणि मुंबईचं?"

"त्याची जागा जवळपास दीडपट. घडणच वेगळी." पेन्सिल भराभर चालायला लागली. "पासष्ट हजार पाचशे छत्तीस मिलिमीटर ओलांडले की पुण्याच्या यंत्राला एका मिलिमीटरचे फक्त सोळा तुकडे दिसतात. त्याहून बारीक दिसतच नाही. एक दशांश पाऊस पडला तर त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त गेला. शालूबाई, आपली बेरीज पासष्ट हजारांवर कधी गेली?"

शालूबाईंनी कागदावर बोट ठेवलं. "बहात्तर सालच्या पावसाळ्यात."

शेवटची दोन वर्षं.

हनुमंतराव खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि ओशाळलेपणही. "मी पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत एकाच ढिगात टाकत गेलो. एकात दुसरा, त्यात तिसरा."

"बयामावशींसारखं," शालूबाई म्हणाल्या, आणि मग ओसरीवरचं सगळं सांगितलं. शंभराचा ढीग, पुरचुंडी, कुंकवाचं बोट.

"पण एवढाएवढासा तुकडा," हनुमंतराव अजून स्वतःशीच झगडत होते, "त्याने सव्वा फूट पाऊस नाहीसा व्हावा?"

शालूबाईंनी भिंतीवरच्या पंचांगाकडे हात केला. "परवा श्रावण संपला की काय लागतंय, साहेब?"

"अधिक महिना. अधिक भाद्रपद."

"तो कुठून आला? चंद्राचं वर्ष थोडं आखूड. दर वर्षी दहा-अकरा दिवस उरतात. ते कोणी फेकले नाहीत, बाजूला साठवले, म्हणून तीन वर्षांत अख्खा महिना उभा राहिला. फेकले असते तर दिवाळी आज पावसात आली असती."

हनुमंतरावांनी कोरा कागद ओढला. "सांगा. कसे ढीग करायचे?"

"दिवसाच्या नोंदींचा एक ढीग. दिवसांचा महिना. महिन्यांचं वर्ष. सतरा वर्षं शेवटी एकत्र. कार्डावर तारीख आहेच."

चार वाजेपर्यंत प्रोग्राम लिहून झाला. सहा वाजेपर्यंत शालूबाईंनी त्याची चाळीस कार्डं पंच केली. दोघांनी मिळून उजेडापुढे धरून तीनदा तपासली. हनुमंतरावांनी पुण्याला तार केली आणि मुंबईच्या मंडळींना नव्या प्रोग्रामची प्रत व त्यांचा संच रात्रीच्या मालगाडीने, ओळखीच्या गार्डाच्या हाती रवाना केला. तो गार्ड शालूबाईंचे मालक होते. त्यांनी खोकी डब्यात चढवताना एवढंच विचारलं, "काय आहे यात?"

"पाऊस आहे," शालूबाई म्हणाल्या. "उलटा ठेवू नका."

*

शुक्रवारी सकाळी दोघं पुण्याचा संच घेऊन पोचले. तिथल्या संस्थेत कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर पाटी होती: चपला बाहेर काढाव्यात. धूळ आत जाऊ नये म्हणून. शालूबाईंना बरं वाटलं. अनवाणी पायांना गार फरशी लागली, आतून गार वारा आला, आणि ती सगळी कपाटं गुणगुणत होती, जशी अभिषेकाच्या वेळी ब्राह्मणांची ओळ गुणगुणते.

"आधी जुना प्रोग्राम," हनुमंतराव म्हणाले. चुकलेलं ते एक कार्ड बदलून आधी जुनाच चालवला. यंत्राने कार्डं फर्रकन गिळली. छापखान्यासारखा खडखडाट झाला. बहात्तर हजार सातशे सतरा पूर्णांक एक. नऊ दशांश वाढले, बाकी फरक तस्साच.

"आता नवा."

चाळीस कार्डं, मागोमाग तीन खोकी. शालूबाईंनी डोळे मिटले नाहीत. एरवी देवापुढे मिटत, पण आज बघायचं होतं. कार्डांची चळत खाली खाली जात होती: सत्तावन्न, अठ्ठावन्न, हळदीचं बोट असलेला एकसष्टचा मे, बासष्ट. त्यांना प्रत्येक वर्ष ओळखीचं होतं, जसं निवडताना तांदूळ ओळखीचा होतो. पासष्टच्या ऑगस्टमध्ये तीन दिवस रेघ चढायची थांबलीच नव्हती. अडुसष्टला सुई अडकली होती आणि कान्हूभाऊंनी रात्रभर तिथे बसून काठीवर खुणा केल्या होत्या.

कार्डं संपली. यंत्र क्षणभर गप्प झालं. मग खडखडाट.

हनुमंतराव कागद फाडायला पुढे झाले आणि थांबले. "तुम्ही घ्या."

शालूबाईंनी कागद घेतला. आधी सतरा वर्षांच्या सतरा ओळी. त्यांनी घाई केली नाही, एकेक ओळ उतरत गेल्या, आणि शेवटच्या ओळीवर येऊन थांबल्या.

"काय आलंय? बोला हो."

"त्र्याहत्तर हजार," शालूबाई म्हणाल्या. "एकशे चार. पूर्णांक पाच."

हनुमंतराव स्टुलावर बसले आणि हसायला लागले. तिथला ऑपरेटर, ज्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, तोही हसायला लागला.

दुपारी मुंबईचा ट्रंक कॉल लागला. तारेत इतकी खरखर होती की हनुमंतरावांनी दुसऱ्या कानात बोट घातलं. नव्या पद्धतीने मुंबईच्या यंत्राने तेच सांगितलं होतं जे आधी सांगितलं होतं. त्र्याहत्तर हजार एकशे चार पूर्णांक सहा.

"एका दशांशाचा फरक आहे हो अजून," फोन ठेवता ठेवता त्यांच्या कपाळावर पुन्हा आठी आली.

"सतरा वर्षांत?" शालूबाई म्हणाल्या. "साहेब, मी घरी तांदूळ निवडताना याहून जास्त सांडते."

*

शनिवारी मुख्य कार्यालयाचे साहेब आले, उंच, सुकलेले, घाईत असल्यासारखे. त्यांनी जुन्या बेरजा पाहिल्या, नव्या पाहिल्या, हनुमंतरावांचं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. मग म्हणाले, "नऊ दशांशाची ती चूक कोणी शोधून काढली?"

"शालूबाईंनी. आणि केलीही त्यांनीच," हनुमंतराव म्हणाले.

साहेबांनी मान वर करून शालूबाईंकडे पाहिलं. "पाच हजार कार्डांत एक?"

"पाच हजार तीनशे सहांत," शालूबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. नोंद ग्राह्य, असं लिहिलं. सही केली. खाली आणखी एक ओळ लिहिली, की यापुढे सर्व केंद्रांनी बेरीज याच रीतीने, दिवस-महिना-वर्ष अशी करावी. मग पेन थांबलं. "या रीतीला काही नाव आहे का?"

हनुमंतरावांनी शालूबाईंकडे पाहिलं. शालूबाईंनी थोडा विचार केला. "माझ्या सासूबाईंना शंभराच्या पुढे मोजता येत नाही, साहेब. ही त्यांची रीत आहे."

साहेबांना काय लिहावं कळेना. शेवटी त्यांनी "ढिगांची रीत" असं लिहिलं.

ते गेल्यावर कान्हूभाऊ आत आले. ते केव्हापासून बाहेर पडवीत उकिडवे बसून होते, इरलं पाठीवर तसंच. "काय झालं बाई? माजं हळदीचं बोट खरं का खोटं?"

"खरं, कान्हूभाऊ. सगळे कागद खरे. मुंबई म्हणते पूर्णांक सहा, पुणं म्हणतं पूर्णांक पाच."

"म्हंजी अजूक येवढं येवढं राह्यलंच की." त्यांनी अंगठ्याच्या नखावर दुसऱ्या हाताचं बोट धरून दाखवलं. मग मेणकापड उघडून आजचा कागद टेबलावर ठेवला, हाताने सरळ केला. "ऱ्हाऊ द्या. तेवढं माज्याकडनं सांडलं आसंल, कागूद बदलताना."

शालूबाईंनी नवं कार्ड पंचात सरकवलं आणि त्या दिवसाची पहिली नोंद पाडायला घेतली.